आधी ‘इर्शाद’, मग ‘मुकर्रर’

उर्दू शाळेतल्या मुलाला बोलते करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनशास्त्राचा वाटतो. बी.एड.च्या पुस्तकांत त्याचे उत्तरही तयार असते : संधी द्या, सराव घ्या, शाबासकी द्या. पण म्हसा, मुरबाड, शहापूर या पट्ट्यातल्या मुलांसमोर काही वर्षे उभे राहिल्यावर आमची अशी खात्री होत चालली आहे की हा प्रश्न मुळात नीतीचा आहे. एका माणसाने दुसऱ्या माणसाचे ऐकायचे ते कोणत्या अटीवर? ‘तू नीट बोललास तर ऐकू’ असे म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे का? आणि ज्याचे आजवर कुणी ऐकलेच नाही, तो नीट बोलायला शिकणार तरी कुठे?

आमच्या भागातले मूल दिवसभरात किती भाषांतून ये-जा करते ते आधी पाहू. घरात आई-नानीची बोली. मक्तबमध्ये अरबी, ती वाचता येते, पण अर्थ लागतोच असे नाही. शाळेत पुस्तकी उर्दू. दुकानात, एस.टी.त, तलाठ्याकडे मराठी, आणि तीही पाठ्यपुस्तकातली नव्हे, तर कुणबी, आगरी, ठाकर यांच्या तोंडची. मोबाइलवर हिंदी. यांतल्या प्रत्येक ठिकाणी त्याला दुरुस्त करणारा कुणीतरी उभाच असतो. उर्दूच्या तासाला ‘काफ’ आणि ‘क़ाफ’ यांतला फरक चुकला की तलफ्फुज बिघडला म्हणून टोकतात. मराठीच्या तासाला ‘शाळा’चे ‘शाला’ झाले की वर्ग हसतो. उर्दू लिपीत ‘ळ’साठी स्वतंत्र अक्षरच नाही, हे त्या हसणाऱ्यांना कोण सांगणार? दोन्हीकडून टोमणे खाल्ल्यावर मूल मनाशी एक साधा हिशेब करते : गप्प बसले की चूक होत नाही. मग शिक्षकांच्या खोलीत त्याचे कौतुक होते, ‘मोठे गुणी पोर, तोंडातून शब्द काढत नाही.’

वर्षातून दोन-तीन वेळा मात्र या गुणी पोरांना बोलायला उभे केले जाते. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, उर्दू दिन. कविता निवडायची शिक्षकांनी, उच्चार घोटून घ्यायचे शिक्षकांनी, हात कुठे वर करायचा तेही शिक्षकांनीच सांगायचे. आम्ही पाठांतराला कमी लेखत नाही. इक्बालांनी १९०२ साली लिहिलेली ‘बच्चे की दुआ’ उर्दू शाळांतल्या कितीतरी पिढ्यांनी परिपाठाला म्हटली आणि त्यातून श्वास, ठेका, थांबा यांचे शिक्षण त्यांना आपोआप मिळाले. बैतबाजीने तर हजारो शेर मुलांच्या जिभेवर नेऊन ठेवले. पण दुसऱ्याचे शब्द खणखणीत आवाजात म्हणणे आणि आपली गोष्ट सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने आवाज मोकळा होतो. दुसरीने माणूस मोकळा होतो.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. म्हशाची जत्रा वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, बैलांचा मोठा बाजार लागतो, घोंगड्यांचे ढीग पडतात, तमाशाचे तंबू उभे राहतात. देवस्थान हिंदूंचे, पण बाजार सगळ्यांचा. त्या बाजारात बैलांना पत्र्या ठोकणारे नालबंद असतात आणि महाराष्ट्रात हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी मुसलमानांनी केला आहे. अशाच एका नालबंदाचा मुलगा आमच्या वर्गात होता. सातवीत. हजेरीला त्याचा ‘हाजिर’ पहिल्या बाकापर्यंतही पोहोचत नसे. बाप त्याला शाळेतून काढून हाताखाली घेण्याच्या विचारात होता आणि पोराचीही त्याला ना नव्हती. शाळेत आपले काही अडले आहे असे त्याला वाटतच नव्हते.

गुरुवारच्या शेवटच्या तासाला आमची बज्म असते. एकदा आम्ही मुलांना सांगितले : तुम्हाला ठाऊक आहे आणि वर्गात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही, असे काहीतरी सांगा. मोठ्याने सांगा, तुमच्या घरच्या भाषेत सांगा. तिसऱ्या गुरुवारी हा मुलगा वहीचे फाडलेले पान घेऊन उभा राहिला. दहा-बारा ओळी असतील. अर्धी उर्दू, अर्धी मराठी, मध्येच घरची बोली. बैलाला दोरखंडाने आडवा पाडतात, चारही पाय एकत्र बांधतात, खूर तासतात. जमिनीवर पडलेला बैल एका डोळ्याने अब्बांकडे बघतो. तो डोळा मी ओळखतो, असे त्याने म्हटले. वर्गात माझे नाव पुकारतात तेव्हा मीही तसाच बघतो. अब्बा हातोडी उचलण्याआधी बैलाच्या मानेवर हात ठेवतात, त्याच्या कानात काहीतरी बोलतात. मग पहिला खिळा.

वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून एकाने म्हटले, ‘फिर से बोल.’ मुशायऱ्यात ज्याला ‘मुकर्रर’ म्हणतात, ते हेच. त्याने पुन्हा म्हटले, या वेळी थोडे मोठ्याने. मग प्रश्न सुरू झाले. एका बैलाला किती पत्र्या? आठ, कारण खूर दुभंगलेला असतो, एका पायाला दोन. दुखत नाही का? नाही. खिळा खुराच्या मेलेल्या भागातच गेला पाहिजे. आत जिवाला लागला तर बैल लंगडतो, आणि नालबंदाचे नाव जाते. पोर दहा मिनिटे बोलत होते. पत्रीला उर्दूत काय म्हणायचे, असे कुणीतरी विचारले. शब्दकोशात ‘नाल’ सापडते. पण नाल घोड्याची, असे या मुलाचे म्हणणे. शेवटी वर्गाने ठरवले की फळ्यावर उर्दू अक्षरांत ‘पत्री’ असेच लिहायचे. ज्या भाषेत आजवर त्याला जागा नव्हती, त्या भाषेत त्या दिवशी त्याच्या घरचा एक शब्द जाऊन बसला. आपलेपणा म्हणजे काय, याची यापेक्षा सोपी व्याख्या आम्हाला अजून सापडलेली नाही.

यातून चमत्कार झाला असे कुणी समजू नये. त्याचे गणिताचे गुण वाढले नाहीत. पण हजेरीचा ‘हाजिर’ आता शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येऊ लागला. मराठीच्या तासाला तो शब्दाचा अर्थ विचारू लागला. शाळा सोडण्याची गोष्ट मागे पडली. पुढे एका स्पर्धेत त्याने हीच कविता म्हटली. परीक्षकांचा शेरा आला : विषय ठीक, भाषा मिश्र, उच्चार सदोष. आम्ही त्याची समजूत काढण्याच्या तयारीत होतो. तो शांतपणे म्हणाला, ‘सर, उनको बैल नहीं मालूम.’ ज्याला आपण आत्मविश्वास म्हणतो तो हाच. त्याला उद्धटपणा म्हणता येणार नाही, कारण त्याने परीक्षकांचा अपमान केला नव्हता. आपल्याला काय ठाऊक आहे आणि समोरच्याला काय ठाऊक नाही, एवढे त्याला स्पष्ट दिसत होते.

इथे मुशायऱ्याचा रिवाज आठवतो. शायर उभा राहतो आणि शेर सुरू होण्याआधी मैफल म्हणते, ‘इर्शाद.’ फर्मावा, आम्ही ऐकतो आहोत. शेर चांगला असेल की वाईट, हे अजून कुणालाच माहीत नसते. तरीही ‘इर्शाद’ म्हटले जाते. शेर आवडला तर नंतर ‘मुकर्रर’ येतो, ‘वाह’ येते. नाही आवडला तर मैफल गप्प राहते. जुन्या मुशायऱ्यांत शमा फिरत असे. ती ज्याच्यासमोर येई, त्याची पाळी. नवशिक्यासमोरही ती तशीच येई. सुरेश भट (१९३२–२००३) आणि सांगलीकडच्या दुधगावचे इलाही जमादार (१९४६–२०२१) यांच्यासारख्यांच्या गझलेमुळे हा रिवाज मराठी मैफलींतही रुळला आणि आज मराठी रसिकही सहजपणे ‘इर्शाद’ म्हणतो.

आम्हाला वाटते, या दोन शब्दांत एक पूर्ण नीतिविचार आहे. ‘मुकर्रर’ कमवावा लागतो. ‘इर्शाद’ कमवावा लागत नाही. पहिला गुणवत्तेचा सन्मान आहे, दुसरा माणसाचा. आत्मविश्वास ‘मुकर्रर’मधून येतो हे खरे, पण आपलेपणा ‘इर्शाद’मधूनच येतो, आणि तो आधी आला पाहिजे. शाळांचा रिवाज याच्या बरोबर उलटा आहे. तिथे आधी उच्चार शुद्ध कर, मग स्टेजवर ये. आधी गुण मिळव, मग तू आमचा. आपलेपणा बक्षिसासारखा वाटला जातो. बक्षीस तीन जणांना मिळते. उरलेली चाळीस मुले टाळ्या वाजवायला.

आपल्या इतिहासात या गोष्टीचा एक मोठा दाखला आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात ताइफजवळ उकाझचा बाजार भरे. बाजारही आणि काव्याची सभाही. म्हशाच्या जत्रेत उभे राहिले की आम्हाला उकाझ आठवतो. त्या परंपरेतल्या झुहैर या थोर कवीचा मुलगा कअब. त्याने रसूलल्लाह (स.) यांच्या विरोधात निंदाकाव्य रचले होते आणि त्याच्या जिवावर बेतले होते. सीरतकार सांगतात की तो मदिनेला आला आणि त्याने आपला कसीदा म्हणायला सुरुवात केली. सुरुवातही कशाची, तर जुन्या रिवाजाप्रमाणे दुरावलेल्या प्रेयसीच्या आठवणीची. त्याला मध्येच थांबवले गेले नाही. पूर्ण ऐकून घेतले गेले आणि शेवटी आपल्या अंगावरची चादर काढून रसूलल्लाहंनी त्याच्या अंगावर घातली. त्या चादरीवरूनच तो कसीदा ‘बुर्दा’ म्हणून ओळखला गेला. चादर नंतर मिळाली. त्याआधी एका शत्रूचे शेवटपर्यंत ऐकून घेतले गेले होते. आणि हस्सान बिन साबित यांच्यासाठी मस्जिद-ए-नबवीत मिंबर ठेवला जाई, असे हजरत आयेशांची रिवायत सांगते.

इथे आमचे काही बुजुर्ग विचारतील की कुरआनने शायरांना फटकारले आहे, त्याचे काय? ‘अश्-शुअरा’ या सव्विसाव्या सूरेच्या अखेरीस शायरांवर टीका आहे हे खरेच. ती कशाबद्दल आहे ते मात्र नीट पाहावे. दिशाहीन भटकणे आणि जे करत नाही ते बोलणे, यांबद्दल ती आहे. लगेच पुढे अपवादही आहे : ईमान राखणारे, सत्कर्म करणारे आणि जुलूम झाल्यावर उत्तर देणारे. म्हणजे कसोटी उच्चाराची नाही, मिश्र भाषेची नाही, सच्चेपणाची आहे. या कसोटीवर पाठ करून म्हटलेले जोशपूर्ण भाषण आणि नालबंदाच्या पोराच्या दहा ओळी यांत कोण कुठे उतरते, ते प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे.

आज जगभर याच गोष्टीला नवे रूप आले आहे. १९८६ साली शिकागोच्या ‘ग्रीन मिल’ क्लबमध्ये मार्क स्मिथ या बांधकाम कामगाराने ‘पोएट्री स्लॅम’ दर आठवड्याला भरवायला सुरुवात केली. कवीने स्वतःची कविता स्वतः म्हणायची आणि श्रोत्यांतूनच निवडलेल्या पाच जणांनी शून्य ते दहा गुण द्यायचे. त्याच परंपरेतल्या जागतिक स्पर्धेत २०१५ साली दार्फुरमध्ये जन्मलेली एम्तिथाल महमूद ही मुस्लिम तरुणी पहिली आली. त्याआधी २०१० मध्ये अबुधाबीच्या दूरचित्रवाणीवरील काव्यस्पर्धेत हिस्सा हिलाल या सौदी गृहिणीने नकाब घालून अतिरेकी फतव्यांवर कविता म्हटली आणि तिसरा क्रमांक मिळवला. आणि आपल्या मुंबईत गोवंडीच्या वस्तीत वाढलेली रिक्षाचालकाची मुलगी सानिया मिस्त्री हिजाब घालून रॅप करू लागली, वस्तीचे जगणे वस्तीच्याच भाषेत मांडू लागली. मुलींनी स्टेजवर बोलावे का, या आपल्या मोहल्ल्यांतल्या वादाला या तिघींनी कृतीने उत्तर दिले आहे.

पण आमची चिंता वेगळीच आहे. गुण आले, टाळ्या आल्या, की श्रोत्यांना काय हवे ते मुलाला लवकर कळते. मुसलमान मुलाकडून श्रोत्यांना बहुधा दोनच गोष्टी हव्या असतात : दुःख सांग, नाहीतर देशप्रेम सिद्ध कर. दंगलीवर, गरिबीवर, ‘आम्हीही याच मातीचे’ यावर कविता म्हटली की सभागृह उभे राहते. बैलाच्या डोळ्यावर म्हटली की ‘विषय ठीक’. या विषयांवर लिहू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या घराने जे भोगले ते त्याने सांगावेच. पण तेरा वर्षांच्या मुलाला आपलेपणा मिळवण्यासाठी प्रत्येक वेळी पुरावा सादर करावा लागत असेल, तर त्याला आपलेपणा कसे म्हणायचे? ती जबानी झाली. घरात कुणी कुणाला घरचा असल्याचा दाखला मागत नाही. घरात माणूस पावसाबद्दल बोलतो, भाजीत मीठ जास्त झाले म्हणून तक्रार करतो. साध्या गोष्टी बोलण्याची मुभा ही आपलेपणाची खरी खूण आहे.

शाहीर अमर शेख यांचे जीवन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९१६ साली बार्शीत जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल नावाचा गरीब मुलगा. गाण्याचा वारसा आईच्या ओव्या-गाण्यांतून आलेला. कष्टाची कामे करत, गिरणी कामगारांत वावरत तो गाऊ लागला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्याने लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्याच्या डफाने आणि आवाजाने मैदाने भरली. १९६० साली राज्य झाले, १९६९ साली शाहीर गेले. अमर शेख ‘मला मराठी म्हणा’ अशी विनवणी करायला उभे राहिले नव्हते. ते कामगाराच्या भाकरीबद्दल बोलायला, मुंबईबद्दल बोलायला उभे राहिले. बोलण्यासारखे काही होते, ऐकणारे भेटले, आणि आपलेपणा वाटेत मिळाला. त्याआधी सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत रचला, तोही कुणाकडे परवाना मागून नव्हे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच वारशाची आठवण ठेवून, असे आम्ही मानतो. हे वार्षिकही त्याच वाटेवरचे आहे. म्हणून इथल्या लेखक-वाचकांनी स्वतःला विचारावे : आपल्याला ‘इर्शाद’ मिळावा म्हणून आपण झगडलो, आपल्या मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेतल्या पोराला तो आपण देतो का?

‘मग दुरुस्ती करायचीच नाही का?’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. दहावीचा पेपर मिश्र बोलीत लिहिता येत नाही. नोकरीच्या मुलाखतीत ‘शाला’ म्हणणाऱ्याला लोक हसतात, हे जग आहे. रस्ता खडीचा आहे म्हणून तर बैलाला पत्री ठोकावी लागते. जो शिक्षक दुरुस्तीच करत नाही, तो मुलाला अनवाणी पाठवतो. पण नालबंदाकडून दोन गोष्टी शिकाव्यात. हातोडीआधी मानेवर हात. आणि खिळा कुठे थांबवायचा याचे ज्ञान. उच्चार, लेखन, व्याकरण हा खुराचा कठीण भाग. तिथे खिळा बसू द्या, त्याने चाल सुधारते. मुलाची घरची भाषा, बापाचा धंदा, त्याने पाहिलेले जग हा आतला जीव आहे. तिथे खिळा गेला की मूल जन्मभर लंगडते, आणि लंगडण्यालाच आपण पुढे ‘लाजाळू स्वभाव’ म्हणतो.

हे केवळ शिक्षकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे, त्याला आपली मते मोकळेपणाने मांडण्यास मदत करावी, असे स्पष्ट नमूद आहे. कायदा एवढे सांगू शकतो. मानेवर हात ठेवायला मात्र तो कुणाला शिकवू शकत नाही.

आमच्या बज्मचे नियम थोडे आहेत आणि कोणत्याही शाळेला ते विनाखर्च करता येतील. कविता स्वतःची असावी. भाषा बोलणाऱ्याच्या पसंतीची. बोलणे संपेपर्यंत कुणीही, शिक्षकानेही, मध्ये बोलू नये. संपल्यावर पहिला प्रश्न विषयाबद्दल, उच्चाराबद्दल नव्हे. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, एकट्याला बाजूला घेऊन. क्रमांक नाहीत. आणि बोलणारा उभा राहिला की सगळ्या वर्गाने एकदम म्हणायचे, ‘इर्शाद!’ पहिल्यांदा मुले हसली. आता हा शब्द ती इतक्या जोरात म्हणतात की शेजारच्या वर्गाचे शिक्षक डोकावून जातात.

कवी किती घडतील हे अल्लाह जाणे. बहुतेक मुले पुढे दुकान, शेती, गाडी, शिवणकाम, नोकरी यांत जातील आणि तेच योग्य आहे. पण उद्या ग्रामसभेत, पालकसभेत, दवाखान्याच्या खिडकीपाशी त्यांना उभे राहून आपले म्हणणे सांगायचे आहे. तिथे कुणी त्यांना ‘इर्शाद’ म्हणणार नाही. ज्याने लहानपणी तो शब्द आपल्यासाठी चाळीस तोंडांतून ऐकला आहे, त्याला तिथे तो आतून ऐकू येईल, आणि शेजारी अडखळणारा कुणी दिसला तर तो स्वतः त्याला म्हणेल, बोल, आम्ही ऐकतो आहोत.